गौरीच्या गोळ्या

माझ्या दवाखान्यात पोट सुनेचं दुखत असलं तरी आधी तपासली जायची ती सासू.

“अगंबाई, सासूबाई, किती दमलेल्या दिसताय! आधी तुमचं बीपी बघू या,” असं मी खुर्चीतून अर्धवट उठत, आवाजात पुरेशी काळजी आणून म्हणायचे. कॉलेजात मी गॅदरिंगच्या नाटकांत कामं केली आहेत आणि वैद्यकीच्या पुस्तकांइतकाच त्यांचाही मला धंद्यात उपयोग झाला आहे. सासूबाई आधी नको नको म्हणायच्या, मग पदर सावरत उठायच्या. घरात त्यांच्या तब्येतीची चौकशी करणारं कुणी नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाहेर माझी नर्स लिसी पट्टा घेऊन तयार. ती तो दंडाला गुंडाळायची, फुगवायची, गंभीरपणे मान हलवायची आणि पुन्हा सोडायची. “आजी, हलू नका. फिरसे बघावा लागेल.” केरळहून आलेल्या लिसीचं मराठी कच्चं, पण अभिनय माझ्याहून सरस. तेवढ्या अवधीत मी पडदा ओढून सुनेला एकच प्रश्न विचारायचे : शेवटची पाळी कधी आली?

हा प्रश्न चारचौघांत विचारून उपयोग नसतो. दुखणं सुनेचं आणि तारीख सासू सांगते. सून मान डोलावते. लग्न न झालेली मुलगी असली तर आई सांगते आणि मुलगी छताच्या पंख्याकडे बघते. पडदा ओढला की तारखा बदलतात, हा माझा कोपरखैरण्यातला इतक्या वर्षांचा अनुभव.

एवढ्याशा प्रश्नासाठी एवढं नाटक कशाला, ते सांगते. बाईचं ओटीपोट म्हणजे आमच्या नव्या मुंबईतलं वन रूम किचन. जागा चिमूटभर आणि राहणारे भरपूर. मधोमध गर्भाशय, त्याच्या दोन्ही अंगांना गर्भनलिका, नलिकांच्या टोकांशी अंडाशयं. पुढे मूत्राशय, मागे आतडी, उजव्या कोपऱ्यात भाडं न भरता राहणारं अपेंडिक्स. यांतल्या कुणाचंही बिनसलं तरी बाहेर ऐकू येणारी हाक एकच असते : आई गं, खाली दुखतंय. कोण ओरडलं ते डॉक्टरनं ओळखायचं.

वाशीच्या एका सोसायटीतल्या बाई एकदा आल्या. गर्भाशय काढावं लागणार असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं आणि खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या मजल्यांना कळवलंही होतं. मैत्रिणी भेटायला येऊ लागल्या होत्या. निघाला मुतखडा. खडा पडून गेला, दुखणं थांबलं, पण बाई माझ्यावर नाराज झाल्या त्या झाल्याच. आणखी एक बाई अशा होत्या की नणंद राहायला येणार असली की त्यांच्या पोटात कळा सुरू व्हायच्या. मी त्यांना कधी खोटं पाडलं नाही. दोन दिवस दाखल करून घ्यायचे. नणंदेला आमच्या बाकड्यावर बसणं सोसायचं नाही, ती आल्या वाटेनं परत जायची.

पण हसण्यासारखं इथेच संपतं. जुईनगरची एक कॉलेजात जाणारी मुलगी होती. खो-खो खेळून आली आणि एका बाजूला अशी कळ आली की ती जमिनीवर बसली. ओकाऱ्या झाल्या. कळ थांबायची, पुन्हा यायची. घरच्यांनी ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली आणि परीक्षेचं टेन्शन म्हणून समजूत घातली. तिच्या अंडाशयाला गाठ होती आणि गाठीच्या वजनानं अंडाशय स्वतःभोवतीच पिळलं गेलं होतं, कपडे पिळतात तसं. पिळल्यावर रक्त आत जात नाही. माझ्याकडे ती आली तेव्हा ते जांभळंकाळं पडलं होतं, काढावं लागलं. दुसरं शाबूत होतं म्हणून पुढे सगळं नीट झालं. तरी ती गरम पाण्याची पिशवी मला अजून दिसते. किती मायेनं दिली असेल ती आईनं!

आणि या सगळ्यांहून भीतीदायक असं एक दुखणं आहे. गर्भ गर्भाशयात जाऊन रुजायच्या ऐवजी वाटेतच, नलिकेत रुजतो. नलिका बोरूएवढी. तिच्यात गर्भ वाढायला जागा नसते. काही आठवडे ती ताणली जाते आणि मग फुटते. रक्त बाहेर दिसतं थोडंसं, पाळीसारखं. खरं रक्त आत, पोटात साठत जातं. म्हणून आम्हाला सुरुवातीलाच शिकवलेलं असतं की मूल होण्याच्या वयातल्या बाईच्या ओटीपोटात अचानक दुखलं तर ती गरोदर आहे असंच आधी धरायचं, आणि नाही हे सिद्ध झाल्यावरच पुढच्या कारणाकडे वळायचं. सासूबाईंचं बीपी त्यासाठी.

आता हौसाबाईंची गोष्ट सांगते. सात-आठ वर्षं झाली असतील. अनंत चतुर्दशीची दुपार होती. रस्त्यावर ढोल, लेझीम, गुलाल. दवाखाना रिकामा, मी आणि लिसी खिडकीतून विसर्जनाची मिरवणूक बघत उभ्या. गर्दीतून वाट काढत एक रिक्षा आली. मागच्या सीटवर एका धिप्पाड बाईनं एका तरुण मुलीला मांडीवर आडवं धरलेलं, आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर अंग चोरून बसलेली एक म्हातारी. मागे कडेला टेकण्यापुरती जागा होती. तरी ती पुढे का, हे मला तेव्हा कळलं नाही.

धिप्पाड बाई म्हणजे बोनकोड्याच्या भीमाबाय, घरमालकीण. त्यांनी मुलीला उचलूनच आत आणलं. “बाय, हिला बगा पयले. पडवीत बसली व्हती माज्या. उठाया गेली नि धाडकन परली. पानी पन पोटात ठरत नाय हिच्या.”

मुलीचं नाव शालन. साताऱ्याकडची. नवरा बाजारात माथाडी, बोनकोड्यात भाड्याची एक खोली. मागून आलेली म्हातारी म्हणजे सासू, हौसाबाई. त्या दारातच थांबल्या.

“काय नाय ओ डागदरीनबाई,” त्या दारातूनच म्हणाल्या. “बाजूला बसलीया. पाळीचं दुखतंया. दर म्हैन्याला दुखतं तिचं. ह्या बारीला जरा जास्ती हाय.”

मी शालनला टेबलावर आडवं करायला गेले तर ती झोपेना. उशीला टेकली की कळवळून पुन्हा उठून बसायची.

“काय होतंय गं आडवं झाल्यावर?”

“खांदा,” ती म्हणाली. “खांदा लई दुखतोय.”

“भुईवर निजती ना ती चार दिस,” दारातून खुलासा आला. “नुसत्या तरटावर. खांदा अवघडला आसंल. आन् चक्कर येती ती जेवत न्हाई म्हनून. ताट देती मी पडवीत, तर निम्मं तसंच ठेवती.”

बघा, प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार होतं आणि प्रत्येक उत्तर खरं वाटण्यासारखं होतं. पण मला त्या खांद्याची धास्ती वाटली. पोटात रक्त साठलं आणि बाई आडवी झाली की ते वर सरकतं, छातीखालच्या पडद्याला डिवचतं, आणि दुखतो खांदा. शरीराची ही एक चमत्कारिक तऱ्हा आहे. मी तिचा हात हातात घेतला. तो गार होता. घामानं ओला आणि गार. नाडी बोटांखाली धावत होती, दोऱ्यासारखी बारीक. पापणी खाली ओढून बघितली, आत लाली नावाला नव्हती.

“सासूबाई,” मी सवयीनं म्हणाले, “तुमचं बीपी बघू या.” लिसीनं त्यांना बाहेर नेलं.

पडदा ओढून मी विचारलं, “शालन, पाळी कधी आली?”

“आता चालूच हाय. चौथा दिस.”

“आधीची कधी होती?”

तिनं डोळे मिटले. उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून नव्हे, तिच्यात जोरच उरला नव्हता. पडद्यामागचा माझा हमखास प्रयोग पहिल्यांदाच फसला. मी तिचे पाय उंच केले, सलाईनची सुई लावायला घेतली, तेवढ्यात लिसी पडदा सारून आत आली. चेहऱ्यावर नाटक नव्हतं.

“मॅडम, आजी बोलते, गौरीसाठी गोळी दिली होती तिला. पाळी लेट करायची गोळी.”

त्या दिवशी नाटक उलटं झालं होतं. सुनेचं खरं बाहेर यावं म्हणून मी सासूला बाहेर घालवत आले, आणि खरं बाहेर आलं ते बाहेर बसलेल्या सासूकडूनच. दंडाला पट्टा बांधून लिसीनं आपुलकीनं चौकशी केल्याबरोबर हौसाबाईंनी सगळं सांगून टाकलं. यंदा गावाला जाणं जमलं नव्हतं. गौरी-गणपती पहिल्यांदाच इथे, भाड्याच्या खोलीत बसवले. म्हाताऱ्या हातांनी पुरण वाटणं होणार नव्हतं, सगळा स्वयंपाक शालनच्या जिवावर. तिची पाळी नेमकी सणाच्या तोंडावर येणार होती. मग हौसाबाई स्वतः मेडिकलमध्ये गेल्या आणि गोळ्या घेऊन आल्या. दुकानदारानं सांगितलं, गोळ्या बंद केल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येईल. गौरी गेल्या, गोळ्या बंद झाल्या आणि दोन-तीन दिवसांत रक्त दिसलं. सगळं सांगितल्याप्रमाणे झालं. शंका यायला जागाच कुठे होती?

या गोळ्या आमच्याकडच्या घराघरात असतात. सत्यनारायण, लग्न, गौरी, नवरात्र. मीही लिहून देते. गोळ्यांनी हे दुखणं झालं नव्हतं, हे इथे स्पष्ट लिहिते, नाहीतर उद्या माझ्या दारात मेडिकलवाले उभे राहतील. शालनला गोळी सुरू करण्याआधीच दिवस गेले होते, फक्त गर्भ भलत्या जागी रुजला होता. गोळ्यांनी ते झाकलं, एवढंच. पाळी चुकली ती गोळ्यांमुळे असं वाटलं. रक्त आलं ते गोळ्या बंद केल्यामुळे असं वाटलं. आणि रक्त आलं म्हणून ती बाजूला बसली. बाजूला बसली म्हणून तिला कुणी शिवलं नाही.

योनिमार्गातून गर्भाशयाच्या मागच्या पोकळीत एक लांब सुई घालून बघायची आमची एक पद्धत आहे. तेव्हा सोनोग्राफी दारोदार नव्हती. सुईतून काळसर रक्त आलं. मी ते काचेच्या नळीत धरून ठेवलं. शिरेतलं रक्त असेल तर थोड्या वेळात गोठतं. पोटात साठून राहिलेलं रक्त मात्र पातळच राहतं. मी नळी वाकडी करून बघितली. पाण्यासारखं हललं.

ऑपरेशन लगेच. माझ्याकडे छोटं थिएटर होतं. भूल देणारे डॉक्टर वाशीला राहायचे. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, “रस्ता बंद आहे, स्कूटरवरून येतो, जमेल तिथून.” रक्तपेढीलाही फोन लावला. बाटल्या होत्या, पण मिरवणुकीतून आणायच्या कशा आणि कुणी? शालनचा नवरा कुठल्यातरी मंडळात लेझीम खेळत होता. भीमाबाय त्याला शोधायला निघाल्या आणि जाता जाता त्यांनी रिक्षावाल्यालाही माझी चिठ्ठी देऊन रक्तपेढीकडे पिटाळलं.

दुसऱ्या हातालाही सलाईन लावायचं होतं. शिरा बसल्या होत्या. लिसी एक हात धरून उभी, मी दुसऱ्या हातात शीर शोधतेय, आणि शालन गुंगीत हात ओढून घेतेय. मी वळून हाक मारली, “हौसाबाई, इकडे या. हिचा हात घट्ट धरा.”

त्या आल्या. टेबलापासून हातभर अंतरावर येऊन थांबल्या. पदर हाताभोवती गुंडाळून घेतला.

“आवं, घरात गणपती हायत अजून,” त्या हळूच म्हणाल्या. “आज इसर्जन. आरती माज्या हातनं व्हायचीय. तिला शिवली तर…”

तेव्हा मला कळलं, रिक्षात त्या पुढे का बसल्या होत्या.

अशा वेळेसाठी माझ्याकडे भाषणं तयार असतात. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, समोरच्याला कुठे लाजवायचं, सगळं पाठ. त्या दिवशी एकही शब्द आठवला नाही. आणि खरं सांगायचं तर त्या बाईच्या चेहऱ्यावर कठोरपणा अजिबात नव्हता. भीती होती. इथे आपल्या हातून काही चुकलं तर हिचं आणखी वाईट होईल, ही भीती.

“तिचा हात किती गार आहे ते तरी बघा,” मी एवढंच म्हणाले.

त्यांनी गुंडाळलेला पदर सोडला. दोन बोटं पुढे केली, तापलेल्या तव्याला लावावीत तशी शालनच्या मनगटाला लावली. मग सगळा तळवा ठेवला. मग दुसरा हात.

“आगं बया,” त्या म्हणाल्या. “ही तर बर्फावानी झालीया. कवापास्नं? कवापास्नं हाय ही अशी?”

आधी कुणी हात लावला असता तर ते कळलं असतं.

मला शीर सापडली. हौसाबाईंनी हात सोडला नाही. कागदावर अंगठा द्यायचा होता तो त्यांनी एका हातानं दिला, दुसऱ्या हातात शालनचा हात तसाच. थिएटरच्या दारापर्यंत त्या ट्रॉलीबरोबर चालत आल्या आणि तिथे लिसीला त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

“वाचंल न्हवं?” त्यांनी विचारलं.

“करते मी,” मी म्हणाले. वाचेल असं म्हणाले नाही. तेवढं खोटं मला स्टेजवरही जमत नाही.

भूल देणारे डॉक्टर आले ते कपाळापासून बुटांपर्यंत गुलाबी. गर्दीतून वाट मिळावी म्हणून त्यांना थोडं नाचावंही लागलं होतं म्हणे. हात-तोंड धुऊन, कपडे बदलून ते डोक्याशी उभे राहिले, तरी कानामागे गुलाल होताच. पोट उघडलं. आत रक्त तुडुंब साठलं होतं. हात घालून चाचपडत मी फुटलेली नलिका शोधली, चिमटा लावला आणि रक्त थांबलं. ते शोधणं डोळ्यांनी होत नाही, बोटांनीच करावं लागतं. त्या चिमट्याच्या आवाजाइतका गोड आवाज मी कुठल्या नाटकात ऐकलेला नाही.

पण नाडी अजून बारीक होती आणि बाटल्या आल्या नव्हत्या. मग आम्ही जे केलं ते बाहेरच्यांना अघोरी वाटेल. तिच्या पोटात सांडलेलं तिचंच रक्त निर्जंतुक वाटीनं काढलं, गॉजच्या अनेक घड्यांतून गाळलं, ते गोठू नये असं औषध असलेल्या बाटलीत भरलं आणि तिच्याच शिरेतून तिला परत दिलं. तिचं रक्त, तिला परत. भूल देणारे डॉक्टर तिच्या ओठांकडे बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, “रंग येतोय हं, बाई.”

मी टाके घालून बाहेर आले तेव्हा बाटल्या येऊन पोचल्या होत्या आणि बाकड्यावर नवरा बसला होता, गळ्यात लेझीम तशीच. माझ्याकडे बघून तो उभा राहिला, त्या लेझमीचा खळकन आवाज झाला आणि त्यानं दोन्ही हातांनी ती घट्ट धरली, जणू त्या आवाजानं आतल्या माणसाला त्रास होईल. हौसाबाई जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर, कशालाही न लावता.

“वाचली,” मी म्हणाले. “एक नलिका गेली. दुसरी चांगली आहे.”

हौसाबाई उठल्या. त्यांना आरतीला घरी जायचं होतं. “आता आंघूळ करावी लागंल,” एवढंच पुटपुटल्या आणि गेल्या. खरं सांगते, मला राग आला. एवढं झालं तरी आंघोळ? लिसीही मान हलवत होती, आणि या वेळी बीपीचा पट्टा हातात नसताना.

शालन बरी होऊन घरी गेली. त्यानंतर मी त्या गोळ्या लघवी तपासल्याशिवाय कुणालाही लिहून दिल्या नाहीत. दर श्रावणात बायका हसतात. “डॉक्टर, सणाच्या गोळीला लघवी कशाला?” मी हौसाबाईंची गोष्ट सांगते. नाव बदलून, आवाज काढून, रिक्षातल्या बसण्याचा अभिनय करून. बायका आधी हसतात. मग बाटली मागतात.

पुढच्या वर्षी गणपतीतच हौसाबाई दवाखान्यात आल्या. एकट्या. नाक लाल, डोळे पाण्यानं भरलेले, आवाज बसलेला.

“काय झालं, हौसाबाई? भिजलात का?”

“न्हाई ओ. आंघूळीनं झालंया.”

“आंघोळीनं?”

त्या खुर्चीत टेकल्या. “औंदा गोळ्या न्हाई दिल्या तिला. मीच वाटलं पुरण, झालं तसं झालं. आता ती बाजूला बसलीया पडवीत. म्हंजी बसायचं ते बसायचंच, ते काय आमी सोडनार न्हाई. पर मी जाती मधनं मधनं. हात लावती तिला. गार हाय का ऊन हाय ते बघती. आन् मग आंघूळ करती. देव हाय ना घरात.”

“दर वेळी आंघोळ?”

“दर येळेला. हात लावला की.”

“दिवसातून किती वेळा लावता हात?”

“मोजतंय कोन?” त्या शिंकल्या.

बीपीचा पट्टा आवरत असलेली लिसी मध्येच म्हणाली, “आजी, नुसता हात धुवायचा ना. पूरी आंघोळ कायको?”

हौसाबाईंनी तिच्याकडे दयेनं बघितलं. “तुला न्हाई कळायचं ते.”

मी सर्दीचं औषध लिहून दिलं आणि म्हणाले, निदान गरम पाण्यानं तरी करा.

“व्हय, आन् राकेल काय तुमी देनार?” त्या म्हणाल्या, पदरानं नाक पुसलं आणि लगबगीनं उठल्या. पुड्या घेताना लिसीशी गप्पा मारायलाही थांबल्या नाहीत. सकाळपासून शालनचा हात बघायचा राहिला होता.